फॉर्म नंबर त्रेसष्ट

आई, तुझा फॉर्म माझ्याकडे आहे. ऑफिसातून घरी आणू नये असा नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे. तरी आणला. समोर टेबलावर ठेवलाय, वर चष्म्याची केस ठेवलीय, पंख्यानं उडू नये म्हणून. चौदा पानं आहेत. पहिल्या पानावर तुझं नाव, वय, असल्फ्याच्या टेकडीवरच्या आपल्या खोलीचा नंबर, आणि वर लाल पेनानं गोल करून त्रेसष्ट. त्या पानाचा कागद आता पिवळा पडलाय, पण अक्षर स्वच्छ वाचता येतं. माझंही वाचता येतं. ते कुठे आहे ते सांगते, पण जरा दम धर. मला एकदम सांगता येणार नाही.

मी रिटायर झाले. मोठा सेंडऑफ झाला, शाल, श्रीफळ, सगळं. तुला कधी नीट सांगितलंच नाही मी नक्की काय काम करते. तू शेजारणींना सांगायचीस, "म्हाताऱ्यांची चौकशी करता." आणि खरं सांगू का, याहून नेमकं मलाही कधी सांगता आलं नाही. एकाच गल्लीत एक म्हातारी पेन्शनीवर एसी लावून झोपते आणि दुसरी साठीनंतरही चार घरची भांडी घासते, हे का होतं, ते शोधायचं. ज्या बायकांनी उभा जन्म लहान लहान गाळ्यांत काम केलं, जिथे ना हजेरीचा कागद, ना फंड, त्या म्हातारपणी कुणाच्या आधारानं जगतात, ते विचारायचं. यावर मी पुस्तक लिहिलं. त्याच्यावर मोठी झाले. लोक मला या विषयातली जाणकार म्हणतात. ऐकताना आजही माझे कान गरम होतात, पण मी थांबवत कुणालाच नाही.

ते प्रश्न घेऊन मी पहिल्यांदा तुझ्याकडेच आले होते, आठवतं ना? तेव्हा माझं लग्न होऊन मुलुंडला जाऊन बरीच वर्षं झाली होती, बाबा जाऊनही झाली होती. रविवार होता. तू आडाळ्यावर बसून नारळ खवतेयस, मी ओट्याला टेकून मोठ्या रुबाबात कागद वाचतेय. "तुमची काळजी कोण घेतं?" मी विचारते. तू खवणं थांबवतेस. माझ्याकडे अशी बघतेस, जशी मी मासळीवालीला अर्धा बांगडा मागितलाय. "ह्यो कसलो प्रश्न गो? म्हाताऱ्या माणसाक असा कोण विचारता? तिका कोण नसलो तर ती काय सांगतली तुका? लाज नाय तुमका?" मी हसले. म्हटलं, आये, हे शास्त्र आहे. "जळला तुझा शास्त्र," तू म्हणालीस. "आधी विचार, सकाळपासून काय काय केलात. मगे ती आपसूकच सांगतली." आणि मग खोबरं ताटलीत झटकता झटकता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "नायतर विचार, कडी वाजली की कोण इला असा वाटता."

बस्स. एवढंच. मी ते तिथल्या तिथे कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. तू मला सोलकढी दिलीस, मी प्यायले, निघाले. आई, माझी सगळी प्रसिद्धी त्या कोपऱ्यातल्या एका ओळीवर उभी आहे. काळजी कोण घेतं हा प्रश्न मी काढून टाकला. सुरुवात दिवसापासून केली, शेवट दारापाशी केला. लोक म्हणाले, काय सुंदर पद्धत आहे, किती हळुवार आहे. परदेशातून पत्रं आली. मी पुस्तकात लिहिलं की हा प्रश्न "प्राथमिक चाचणीच्या दरम्यान सुचला". सुचला! कुणाला, ते लिहिलं नाही. आभाराच्या पानावर विभागप्रमुख आहेत, टायपिस्ट आहे, तुझे जावई आहेत. तू नाहीस. पुस्तक तुला आणून दाखवलं तेव्हा तू आधी ते पदराला पुसलंस आणि मग देवाजवळ ठेवलंस.

आता यादीचं सांगते. इथून पुढे मला लिहायला जड जातंय. कुणाच्या घरी जायचं ते आम्ही मनानं ठरवत नाही. मतदारयादी घ्यायची, साठीच्या पुढच्या बायका वेगळ्या काढायच्या आणि त्यातली दर सातवी घ्यायची. घाटकोपर ते साकीनाका हा पट्टा माझ्याकडे होता. पट्टी आणि पेन्सिल घेऊन मी स्वतः खुणा करत बसले होते आणि सातवीवर सातवी करता करता पेन्सिल तुझ्या नावावर येऊन थांबली. नियम काय, तर संशोधकाच्या नात्यातलं घर आलं तर खोडायचं, पुढचं घ्यायचं आणि बाजूला कारण लिहायचं. एक ओळ. "संशोधकाची आई." दोन शब्दांचं काम होतं गं. पण यादी सगळ्या ऑफिसात फिरणार होती, आणि ऑफिसात मी सांगून ठेवलं होतं की आम्ही मूळचे मुलुंडचेच. माझे सहकारी म्हणजे सगळे दोन-तीन पिढ्यांचे ऑफिसर, डॉक्टर, प्राध्यापक यांच्या घरातले. गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले बाबा, साकीनाक्याला स्विचच्या गाळ्यात काम करणारी तू, आणि टेकडीवर कॉमन नळावर पाणी भरून मोठी झालेली मी, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. विषमतेवर भाषणं देत होते मी, आणि विषमता कुठून आली ते लपवत होते. मी तुझं नाव खोडलं नाही.

मनाची समजूत काय घातली, ऐक. म्हटलं, सर्व्हेला पाठवलेली पोरगी दारात गेली की आई आपल्या लेकीचं सांगेलच, "अगो, माझा चेडूच ह्या काम करता," आणि तिला हसत परत पाठवेल. मग मी ऑफिसात काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेईन. तुला आधी येऊन सांगायचं तर तेही केलं नाही. मुलुंडहून घाटकोपर ते किती लांब! पण त्या वर्षी मला तिकडे यायला सवड नव्हती. मिटिंगा होत्या. चेंबूरला व्याख्यानमाला होती. म्हाताऱ्यांच्या एकटेपणावरच होती ती, आता काय बोलू.

ती पोरगी संध्याकाळी परत आली ती चेहरा लाल करून. नुकतीच एम.ए. झालेली, हुशार, पण मनानं हळवी. माझ्या टेबलावर गठ्ठा ठेवला आणि तुझा फॉर्म वर काढला. "मॅडम, या आजींनी ना मला आधी जेवायला वाढलं. नाही म्हटलं तर रागावल्या. मग सगळं सांगितलं, न कंटाळता. पण एक गंमत सांगू? शेवटचा प्रश्न मी वाचायच्या आधीच त्या म्हणाल्या, 'आता दाराचा विचार.' त्यांना कसं कळलं?" मी म्हटलं, "शेजारी कुणाला विचारलेला ऐकला असेल." ती म्हणाली, "असेल." मग गठ्ठा सारखा करत म्हणाली, "मॅडम, त्यांना एकच मुलगी आहे. कुठे असते विचारलं तर म्हणाल्या, कामात असते. किती दिवसांनी येते विचारलं, तर म्हणाल्या, ते लिहू नको. अशा मुलींना ना मॅडम, खरंच फटकवायला पाहिजे." आणि मी काय म्हणाले माहितीय आई? शांत आवाजात, अगदी प्रोफेसरसारखं म्हणाले, "आपण निवाडा करत नाही. आपण नोंद करतो." ती पोरगी ओशाळली. सॉरी म्हणाली. मला सॉरी म्हणाली ती!

ती गेल्यावर मी फॉर्म उघडला. शेवटच्या पानावर, तुझ्याच शब्दांत लिहून आणायला शिकवलं होतं तसं, तिनं मालवणी ऐकून ऐकून लिहिलं होतं: "कडी वाजली की समाजता, ती न्हय. माझा चेडू कडी वाजवीत नाय. नळाकडसून हाक मारता."

शाळेतून यायचे तेव्हाची गोष्ट. आपल्या दाराखाली अकरा पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या तळाशी नळ. मी नळापाशी पोचले की दप्तर डोक्यावर घेऊन बोंब ठोकायचे, "आयेऽऽ, वाढ गोऽऽ!" अख्खी गल्ली हसायची. मी वर पोचेपर्यंत ताट मांडलेलं असायचं. कॉलेजात गेले, नोकरीला लागले, लग्न झालं, तरी आले की तिथूनच ओरडायचे, जरा हळू. तू ते त्या परक्या पोरीला सांगितलंस. नाही, परक्या पोरीला नव्हतं सांगितलंस. फॉर्म कुठे जाणार ते तुला ठाऊक होतं. प्रश्न तुझाच, मुलगी तुझीच. तू मला निरोप धाडला होतास, आणि मी तो वाचला, आणि खाली "पर्यवेक्षक" असं छापलं होतं तिथे लिहिलं, "तपासले, बरोबर आहे," आणि सही केली. तेच हे माझं अक्षर, शेवटच्या पानावर, तुझ्या उत्तराच्या खाली.

"तपासले" हा शब्द मी तुझ्याकडूनच शिकले होते. मे महिन्याच्या सुट्टीत तुझा डबा घेऊन गाळ्यावर यायचे. पत्र्याखाली लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंनी बायका, मधे पितळी स्क्रूंचे डबे. तुझं काम शेवटचं, जोडलेला स्विच दाबून बघायचा, हलवून बघायचा आणि खोक्यात चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीवर छापलेलं "तपासले" आणि तुझा सात नंबरचा शिक्का. एकदा मी मदत करते म्हणून पटापट चिठ्ठ्या टाकत सुटले. तू माझा हात धरलास, चांगला पिरगळलास. सगळं खोकं पुन्हा टेबलावर उपडं केलंस. "ह्यो दुसऱ्याच्या घरात लागतलो. थंयल्या पोराक शॉक बसलो तर? न तपासता चिठी टाकूची नाय." मालक ओरडत होता, उशीर होतोय म्हणून. तू एकेक स्विच दाबून बघत राहिलीस. मी फुगून दारात उभी. पितळेचा वास आज नाकात येतोय.

फॉर्म वाचल्यावर मी तशीच उठून यायला हवं होतं. रिक्षानं अर्धा तास. तीन आठवड्यांनी आले. मधल्या काळात काय केलं म्हणशील तर तुझं उत्तर इंग्रजीत आणलं, दोनदा घासूनपुसून, आणि प्रकरणाच्या सुरुवातीला घातलं. "उत्तरदाती क्रमांक त्रेसष्ट." त्यानंतर ते मी किती ठिकाणी वाचून दाखवलं त्याची गणती नाही. मी वाचायचे आणि हॉल गप्प व्हायचा. बायका पर्समधून रुमाल काढायच्या. मी मुद्दाम जरा थांबायचे. कुठे थांबलं की लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं ते मला बरोब्बर कळलं होतं. असा निर्लज्जपणा तू जन्मात पाहिला नसशील.

तीन आठवड्यांनी आले ते तुझ्यासाठी मिक्सर घेऊन आले. मंत्रालयातल्या मिटिंगहून परस्पर, कडक इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र. पायऱ्या चढले आणि कडी वाजवली. कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलेय की हाक मारली नाही कारण हाक मारली असती तर फॉर्म वाचल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ते मला झेपलं नसतं. ऐकायला बरं वाटतं ना? पुस्तकी माणसाला शोभेल असं कारण आहे. आतून तू विचारलंस, "कोण ता?" मी म्हटलं, "मी." दार उघडलंस. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "येवा. बसा." मला वाटलं, चेष्टा करतेयस, उशिरा आले म्हणून. पाणी दिलंस ते स्टीलच्या पेल्यात, खाली ताटली धरून, पाहुण्यांना देतात तसं. मी हसले. तू हसली नाहीस. मिक्सर बघून म्हणालीस, "माका कित्याक? माझो पाटो आसा." मी जेवले का ते त्या दिवशी विचारलं नाहीस, जन्मात पहिल्यांदा. फॉर्मचं तू काढलं नाहीस, मीही नाही. मुलुंडला राहायला चल, असं मी निघताना दारातून म्हटलं, तू नको म्हणशील अशा बेतानं. तू नको म्हणालीस.

दोन वर्षांनी तू गेलीस. शेजारच्या बाईचा फोन आला. तिनं सांगितलं, सकाळी कडी वाजवली, तर उत्तर आलं नाही.

तर सेंडऑफचं. हॉल भरलेला, आणि शेवटचं भाषण म्हणून मी काय वाचावं? त्रेसष्ट नंबरच वाचला. सवयच झालीय. संपल्यावर मागच्या रांगेत एक बाई उभी राहिली. केस पिकलेले, ओळखायला क्षणभर लागला. तीच पोरगी. आता स्वतः नागपूरकडे शिकवते, मुद्दाम माझ्यासाठी आली होती. म्हणाली, "मॅडम, मला त्या आजी अजून आठवतात. त्यांनी वाढलेली कुळथाची पिठी आठवते. आपण कधी त्यांच्या मुलीला शोधलं का हो?" आई, माझं तोंड उघडलं होतं. शपथ. माइक समोर होता, "मीच" एवढाच शब्द, माझ्या नोकरीला आता कुणी हात लावू शकत नव्हतं, मुलुंडची खोटी गोष्ट सांभाळायचं काही कारण उरलं नव्हतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "नाही. फॉलो-अप राहून गेला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक म्हणून, बहुतेक.

त्यानंतरच्या रविवारी मी असल्फ्याला गेले. आपल्या खोल्यांची ओळ गेली. तिथे उंच बिल्डिंग आहे, नळाच्या जागी मीटरची खोली. वॉचमननं रजिस्टर पुढे केलं, "किसके यहाँ जाना है?" नाव लिहिलं, वेळ लिहिली, पुढचा रकाना तसाच राहिला. "अरे मॅडम, फ्लॅट नंबर तो डालो." मी पेन परत दिलं आणि रिक्षा केली. आयुष्यभर लोकांच्या दारात जाऊन रकाने भरले आणि एका रकान्यापाशी माझी ही गत.

उद्या ऑफिसातून माणूस येईल. सगळे जुने फॉर्म स्कॅन होणार आहेत आणि त्याआधी पहिलं पान, नाव-पत्त्याचं, फाडून नष्ट करायचं असतं. मग तू फक्त त्रेसष्ट. मी फॉर्म परत देईन. पहिलं पान देणार नाही, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहायला घेतलं होतं, आता चार कागद वेगळे जोडावे लागले. त्या पोरीचा नागपूरचा पत्ता आहे माझ्याकडे. तिला पाठवावं असं दोनदा मनात आलं. पाकीटसुद्धा काढलं. पण पाठवणार नाही, मला माहीत आहे. मी कशी आहे ते तुझ्याएवढं कुणाला ठाऊक!

एक राहिलं. मघाशी हाकेचं जे कारण दिलं ते खोटं आहे. त्या दिवशी मी नळापाशी थांबले होते, मिक्सरचं खोकं खाली ठेवलं होतं, हाक मारायला श्वाससुद्धा घेतला होता. नळावर तीन बायका होत्या, नव्यानं राहायला आलेल्या, मला न ओळखणाऱ्या. त्यातल्या एकीनं माझ्या साडीकडे, ओळखपत्राकडे बघून विचारलं, "मॅडम, पुन्हा सर्व्हे काय? वरच्या आजींकडे?" आणि मी म्हणाले, "हो." चांगलं मोठ्यानं म्हणाले. तुझी खिडकी उघडी होती, आई. नळावरचं तुला सगळं ऐकू जायचं.